बोटभर काकडीचं गोड लोणचं

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी नारायणगावला कॉलेजात पहिल्या वर्षाला होते आणि आमच्या येडगावच्या मळ्यात वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, घेरकिन लावली होती. घेरकिन म्हणजे काकडीच, पण बोटाएवढी. कुठल्याशा कंपनीनं बी दिलं होतं. माल बरणीत भरून परदेशी जायचा. करंगळीएवढी झाली की तोडायची, अंगठ्याएवढी झाली की कंपनी हात लावत नाही, असा कायदा होता.

अण्णांना नवीन काही दिसलं की ते रानात लावून बघायची खोडच होती. आधी एकदा त्यांनी जांभळा कोबी लावला होता आणि गावातल्या निम्म्या लोकांनी त्याला कीड लागली म्हणून हळहळ व्यक्त केली होती. काकडीचं तसं झालं नाही. काकडी जोमात आली, इतकी की आमचा जीव मेटाकुटीला आला. सकाळ-संध्याकाळ तोडा करायचा. संध्याकाळी पानाआड एखादी राहून गेली की सकाळी ती मनगटाएवढी झालेली असायची. टेम्पोवाला ती बाजूला काढून ठेवायचा आणि आमच्या अंगणात तिचा ढीग वाढायचा.

पहिल्या आठवड्यात आम्ही कोशिंबीर खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात थालीपीठ, भाजी, आमटी, सगळ्यात काकडी. मग म्हशीला घातली. म्हशीनं चार दिवस आवडीनं खाल्ली, पाचव्या दिवशी तोंड फिरवलं. दुधाला काकडीचा वास येतो असं अण्णा म्हणायचे. आई म्हणायची, "वास तुमच्या डोक्यात हाय."

आईला काहीही टाकून देणं जमायचं नाही. फाटक्या साडीची गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं आणि पायपुसणं फाटलं की चूल पुसायचं फडकं, असा घरात प्रत्येक कापडाचा प्रवास ठरलेला असे. तेव्हा कंपनीचा माणूस रान बघायला आला, तशी तिनं त्याला अडवलंच. हा चोवीस-पंचवीस वर्षांचा कानडी मुलगा. त्याला सगळे साहेब म्हणत. तो निम्मं हिंदी आणि निम्मं मराठी बोलायचा.

"सायेब, ह्या मोठ्या काकडीचं तिकडचे लोक काय करत्यात?"

"मोठा वाला? उसका रेलिश बनाते है, काकी."

"रेलीस?"

"मीठा अचार. एकदम बारीक बारीक. ब्रेडला लावतात."

आईनं मला वही आणायला लावली. साहेबानं मोटरसायकलवर बसल्या बसल्या सांगितलं आणि मी लिहून घेतलं. काकडी, कांदा, ढोबळी मिरची बारीक चिरायची. मीठ लावून ठेवायची. पिळून घ्यायची. व्हिनेगर, साखर, मोहरी, हळद उकळून त्यात घालायची आणि घट्ट होईपर्यंत शिजवायची. तेल नाही, तिखट नाही. "भांडं स्टीलचंच घ्या," असं तो जाता जाता ओरडला.

तेल नाही आणि तिखट नाही हे ऐकल्यावर मला सगळ्यात आधी मोठीआई आठवली.

मोठीआई म्हणजे माझी चुलती, आईची थोरली जाऊ. आमचं आणि तिचं घर एकाच बांधाला लागून. लोणच्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. कैरीचं, लिंबाचं, मिरचीचं, ओल्या हळदीचं. लाल तेलाचा थर बोटभर वर. तिच्या लोणच्याची एक फोड खाल्ली की पाहुण्यांच्या कपाळावर घाम यायचा आणि तो आलेला बघूनच मोठीआईचं समाधान व्हायचं. शिवाय गावातल्या बायकांच्या मंडळाची ती पुढारी. त्याच वर्षी त्या मंडळानं ओढ्याकाठची हातभट्टी मोडली होती. मोठीआईनं स्वतः मडकी फोडली होती, आणि तेव्हापासून कमरेला पदर खोचूनच ती चालायची.

तिला गोड लोणच्याचं कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आजाऱ्याला देत्यात तसलं."

मग तर आईला ते करायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी चिरायला बसलो. अर्ध्या तासात आम्हा तिघांच्या लक्षात आलं की दोन पाट्या काकडी बारीक चिरायची तर मला परीक्षेला बसता यायचं नाही. अण्णा विळीवरून उठले आणि गोठ्याकडे बघत म्हणाले, "कडबा बारीक व्हतो, तर काकडी का न्हाई?"

कडबाकुट्टीचं मशीन आम्ही त्याच वर्षी घेतलं होतं. अण्णांनी ते तीन वेळा धुतलं. पातं पुसलं. आईनं पुढं स्वच्छ धुतलेली ताडपत्री अंथरली. मी बटण दाबलं आणि अण्णांनी ओंजळभर काकड्या आत सोडल्या. पुढचं सगळं फार पटकन झालं. काकडी बारीक झाली, त्याबद्दल वाद नाही. पण कडबा हलका असतो आणि काकडी ओली, हे मशीनला कुणी सांगितलं नव्हतं. सगळा चोथा ताडपत्रीच्या डोक्यावरून उडाला आणि नुकताच चुना दिलेल्या भिंतीवर फटाफटा जाऊन बसला. दारातून आत येणारा पोस्टमन मधे सापडला. बिचारा चष्मा पुसत उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, रजिस्टर हाय. सही करता का?"

म्हैस मात्र त्या दिवशी भिंत चाटत होती. पुन्हा काकडी आवडायला लागली होती तिला.

तेव्हा विळीच खरी. दोन दिवस आम्ही चिरत होतो. कांद्यानं तिघांचे डोळे सुजले. चिरलेलं सगळं मीठ लावून अण्णांच्या जुन्या धोतरात बांधलं, खाटेवर ठेवलं आणि वर पाट्याचा दगड. रात्रभर हिरवं पाणी ठिबकत राहिलं.

आता व्हिनेगर. ते आणायला अण्णा मोपेडवरून नारायणगावला गेले. किराणावाल्याकडे दोनच छोट्या बाटल्या होत्या. त्यानं सांगितलं, स्टँडजवळ चायनीजच्या गाडीवर विचारा. गाडीवाल्याकडे मोठा कॅन होता, तो द्यायलाही तयार होता, पण ओतून कशात द्यायचं? अण्णांनी बरोबर काही नेलंच नव्हतं. मग त्या गाडीवाल्यानं मागच्या बाजूला पडलेल्या रिकाम्या बाटल्या विसळल्या आणि त्यात भरून दिलं. त्या कसल्या बाटल्या होत्या ते त्यांच्या आकारावरूनच कळत होतं. अशा आठ. अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर टोपी, आणि हँडलला अडकवलेल्या पिशवीत आठ बाटल्यांचा खणखणाट. येडगावपर्यंतचा रस्ता काही कमी खड्ड्यांचा नव्हता. वाटेत किती जणांनी तो खणखणाट ऐकला हे आम्हाला संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी आईनं अंगणात तीन दगडांची चूल मांडली आणि मोठ्या स्टीलच्या पातेल्यात व्हिनेगर-साखर उकळायला ठेवलं. मी आजवर पुष्कळ वास घेतले आहेत. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या खोलीचा घेतला आहे, कुजलेल्या बटाट्याच्या वखारीचा घेतला आहे. पण त्या वाफेसारखी वाफ नाही. नाकातून आत जायची आणि मेंदूत बसायची. कोंबड्या परसात पळाल्या. आईनं पिळून घेतलेलं सगळं त्यात सोडलं आणि अण्णा डोळे मिटून ढवळायला लागले. आंबटपणा बेताचा आहे का बघावं म्हणून त्यांनी बाटलीतलं घोटभर व्हिनेगर तोंडात घेतलं, आणि ठसका लागून लालबुंद होऊन खाटेवर बसले.

नेमकं त्याच वेळी फाटक वाजलं.

मोठीआई पुढे, मागे मंडळाच्या सात-आठ बायका. दोघींच्या हातात काठ्या. हातभट्टीच्या वेळी जशा निघाल्या होत्या अगदी तशाच.

मोठीआईनं चुलीकडं पाहिलं. ओळीनं मांडलेल्या आठ बाटल्यांकडं पाहिलं. मग डोळे लाल, तोंड लाल, झोक जात असलेल्या अण्णांकडं पाहिलं.

"भावजी," ती म्हणाली, "माझ्याच घरात?"

अण्णांना बोलताच येईना. "वयनी... इने... इनेगर..."

"बोबडी वळली बघा," मागून एक बाई म्हणाली.

"तोंड उघडा," मोठीआई म्हणाली. अण्णांनी उघडलं. तिनं वास घेतला आणि पदर नाकाला लावून दोन पावलं मागं सरली. "गळ्यात माळ घालून, भावजी!"

आता आई उठली. हातात उलथणं तसंच. "अक्का, ती दारू न्हाई. लोणच्यात घालायची आंबट हाय. ह्यांनी नुसती चव घेतली."

"लोणच्यात आंबट म्हंजी चिंच, कैरी, लिंबू. बाटलीतलं आंबट मी तरी ऐकलं न्हाई."

"मग चाखून बघा!"

"मी? बाटलीतलं?" मंडळाची पुढारी असं काही करणं शक्य नव्हतं. ती हाताची घडी घालून उभी राहिली.

शेवटी त्या घोळक्यातली सगळ्यात वयस्कर म्हातारी काठी टेकत पुढं आली. "मला काय व्हतंय आता," म्हणाली, आणि तिनं हात पुढं केला. आईनं पातेल्यातलं चमचाभर रेलीस तिच्या तळहातावर ठेवलं. म्हातारीनं फुंकर मारली, चाटलं, बोळक्यात इकडून तिकडं फिरवलं. सगळ्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

"ग्वाड हाय की!" म्हातारी म्हणाली. "आन दातबी लागत न्हाईत. आन गं आणखी."

मग सगळ्याच बसल्या. मी घरातून भाकरी आणल्या. दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीसाठी केलेल्या सगळ्या भाकरी संपल्या. काठ्या भिंतीला टेकवलेल्या होत्या. एकीला ते मुरंब्यासारखं लागलं, एकीला चिंचेच्या कोळासारखं. आई प्रत्येकीला दोनदा विचारत होती, खरंच आवडलं का. मोठीआई तेवढी उभीच राहिली. जाताना म्हणाली, "चांगलं असंल. पर लोणचं न्हव्हं. लोणचं खाल्लं की डोळ्याला पाणी यावं."

"त्ये करताना आलंय आमाला," अण्णा खाटेवरून म्हणाले. त्यांचा आवाज तेवढ्यात परत आला होता.

त्यानंतर आईनं आणखी चार घाणे केले. शेवटचा घाणा चिरण्याचा कंटाळा आला म्हणून मिक्सरमधून काढला आणि हळद जरा सढळ हातानं घातली. ते रेलीस पिवळंधमक आणि मऊ झालं, लेपासारखं. हे सगळं एवढ्या बारकाईनं सांगते आहे, कारण पुढं जे झालं त्यात अर्धी चूक मिक्सरची आहे.

उरलेली अर्धी माझी.

एप्रिलात चुलतभावाचं, म्हणजे मोठीआईच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं होतं. त्याला आम्ही दादा म्हणायचो. मुलगी आंबेगाव तालुक्यातल्या लोणीची. आमच्याकडे आदल्या दिवशी सकाळी हळद, मग नवऱ्याची उष्टी हळद जीपनं लोणीला पाठवायची, आणि दुसऱ्या दिवशी वऱ्हाड घेऊन तिकडं लग्नाला, असा बेत होता. जेवणाचं आईनं आधीच विचारून बघितलं होतं. "अक्का, ताटात डाव्या बाजूला चमचाभर रेलीस वाढू का?"

"माझ्या लेकाच्या लग्नात माझं लोणचं," मोठीआई म्हणाली. तिथंच ते संपलं.

म्हणजे मोठीआईपुरतं संपलं. हळदीच्या दिवशी सकाळी आईनं मिक्सरमधलं ते पिवळं रेलीस स्टीलच्या डब्यात भरलं, पदराखालून मोठीआईच्या स्वयंपाकघरात नेलं आणि वरच्या फळीवर ठेवून दिलं. अण्णांना सांगितलं, "पयली पंगत बसली की हळूच एकेक चमचा वाढा. मिठाच्या शेजारी. अक्कांना दिसू देऊ नका." आता दोघी जावांनी स्टीलचे डबे एकाच भांडीवाल्याकडून, एकाच दिवशी, अगदी सारखे घेतलेले. आणि मोठीआईनं तेलात कालवलेली हळदही वरच्या फळीवरच ठेवलेली होती.

मांडवात बँजो सुरू झाला, तेव्हा मोठीआई मला म्हणाली, "जा गं, वरच्या फळीवरनं हळदीचा डबा आन." मी गेले. एक डबा दिसला, झाकण उचलून पाहिलं, आत पिवळं होतं. आणला.

एरवी मोठीआईला वासावरून लगेच कळलं असतं. पण लग्नाच्या गडबडीत तिला अशी सर्दी झाली होती की तिला स्वतःच्या फोडणीचा वास येत नव्हता. बाकीच्यांना जनरेटरच्या धुरापुढं काही कळत नव्हतं. पहिला मान अण्णांच्या आत्याचा. तिची दृष्टी अधू. तिनं मूठभर घेतली आणि दादाच्या दोन्ही गालांना फासली.

"हळद जरा भरड दळलीया," आत्या म्हणाली.

"आत्या, तुमच्या येळंसारखी जात्यावरची न्हाई आता," कुणीतरी म्हणालं. मग बाकीच्यांनी हात घातले. कपाळ, मान, पाठ, दंड. दादा पाटावर डोळे मिटून गरीब गायीसारखा बसला होता. मी आंब्याचं पान घेऊन पुढं गेले तेव्हा त्यानं जीभ बाहेर काढून ओठाचा कोपरा चाटला आणि हळूच म्हणाला, "हळद गोड असती का गं?"

मी त्याच्या कपाळाकडं पाहिलं. भुवईच्या बरोबर वर एक मोहरीचा दाणा होता. त्याच्या शेजारी ढोबळी मिरचीचं हिरवं साल.

मी गर्दीतून आईला गाठलं आणि कानात सांगितलं. आईनं दादाकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं आणि तोंडावर पदर धरला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

"गप बस," पदराआडून म्हणाली. "अंघोळीला निघून जाईल. कुणाला कळत न्हाई."

मग तिचा चेहरा एकदम बदलला. "अगं, पण मग हे काय वाढायला लागलेत?"

मी पंगतीकडं पळाले. अण्णा अर्धी पंगत करून पुढं सरकले होते. कमरेतून वाकून, मोठीआईकडं चोरून बघत, एकेका पाहुण्याच्या पानात मिठाशेजारी तेलात कालवलेली हळद वाढत होते. वर आग्रहही. "घ्या पावणं, नवीन परकार हाय. फॉरेनचा."

पाहुणे लग्नघरचे, भले लोक. कुणी तोंड वाकडं केलं नाही. एक जण म्हणाला, "जरा कडवट हाय, पर चालतंय." दुसरा म्हणाला, "खोकल्याला लई चांगलं," आणि त्यानं आणखी घेतलं. मी अण्णांच्या हातातून डबा ओढला तेव्हा सगळी पंगत माझ्याकडं बघून हसली. सगळ्यांचे दात पिवळे होते.

इकडं मांडवात मुंग्या आल्या. साखरेच्या पाकात अंग माखून आंब्याच्या झाडाखाली बसल्यावर दुसरं काय येणार? आधी दादानं मांडी खाजवली. मग पाठीकडं हात नेला. मग तो पाटावरून उभा राहिला आणि एक पाय उचलला. दुसरा उचलला. दोन्ही हात वर करून त्यानं खांदे झटकले. बँजोवाल्याला वाटलं, नवरदेव रंगात आला. त्यानं ताल वाढवला. दादाचे मित्र "आयला, भारी राव!" म्हणत भोवती नाचायला लागले. दादा ओरडत होता, "मुंग्या! मुंग्या!" पण बँजोपुढं कुणाला ऐकू जाणार? एका मित्रानं खिशातली सुटी नाणी त्याच्यावरून ओवाळून वाजवणाऱ्यांना दिली.

शेवटी दादा स्वतःच धावत जाऊन हौदात उतरला. मोठीआई धापा टाकत त्याच्या मागं. हौदाच्या पाण्यावर मोहरी तरंगत होती. मोठीआईनं एक दाणा बोटावर घेतला. डोळ्यांजवळ नेला. मग सावकाश मान वळवून तिनं माझ्या आईकडं पाहिलं.

आई पुढं झाली. "अक्का, डबं बदललं. माझी चूक हाय."

"मी आणला डबा," मी म्हणाले.

मोठीआईनं तो दाणा हौदाच्या कठड्याला पुसला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "उष्टी हळद कुठंय?"

कुणीतरी सांगितलं, जीप मघाशीच गेली. आता नारायणगावच्या पुढं असेल.

तेव्हा मोबाइल गावात एका-दोघांकडेच होते आणि त्यांना रेंज यायला धरणाच्या भिंतीवर चढावं लागायचं. लोणीला निरोप द्यायचा तर मुलीच्या शेजाऱ्यांच्या घरी फोन होता, पण तो दिवसभर लागला नाही. मोठीआई ओसरीवर बसून राहिली. आईनं तिच्यापुढं चहा ठेवला, तो तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही लोणीला पोचलो तेव्हा आधी उतरायला कुणी धजेना. मुलीची आई मोठीआईला भेटायला पुढं आली. उराभेट झाली, आणि ती अगदी सरळपणानं म्हणाली, "इहीणबाई, तुमच्याकडच्या हळदीची रीत आदी कळवली असती तर बरं झालं असतं. आमाला म्हाईत न्हवतं. पर लावली आमी सगळ्यांनी. पोरीच्या तोंडाची आग झाली थोडी."

माझी आई जमिनीकडं बघत होती. अण्णा उगाच टोपी काढून झटकत होते. मी मोठीआईकडं पाहिलं. तिनं पदर सारखा केला.

"आमच्याकडं अशीच असती," मोठीआई म्हणाली. "पिढीजात. काकडी थंड असती ना अंगाला. साखर गोडव्याला. मोहरीनं दिष्ट लागत न्हाई."

"आन आंबट वास?"

"त्यो तर लागतोच," मोठीआई ठामपणे म्हणाली. "आमची धाकटी जाऊ करती. सगळ्यांना जमत न्हाई त्ये."

आईनं मान वर केली. लग्न होऊन वीस वर्षं झाली होती, पण थोरल्या जावेनं चारचौघांत तिच्या हाताचं कौतुक केल्याचं ते पहिलंच. अंतरपाट धरला होता तेव्हा मी अगदी जवळ होते. नवरा-नवरी दोघांनाही अजून व्हिनेगरचा मंद वास येत होता. अंतरपाट दूर झाला, तसं नवरीनं नाक किंचित हलवून दादाकडं पाहिलं आणि खुदकन हसली. नवऱ्यालाही तोच वास येतोय हे कळून तिला धीर आला होता, असं तिनंच मला नंतर सांगितलं.

वहिनी घरी आली आणि दोन दिवसांत एक गोष्ट उघड झाली. तिला तिखट सोसायचं नाही. मोठीआईच्या घरात तर वरणालाही तिखटाची फोडणी. बिचारी घास घ्यायची, पाणी प्यायची, घास घ्यायची, पाणी प्यायची. तिसऱ्या दिवशी मोठीआईनं तिला विचारलं, "काय खाऊ वाटतंय सांग, लाजू नको." वहिनी लाजत लाजत म्हणाली, "ती हळद आहे का अजून?"

लोणीला डबा आला तेव्हा लावून उरलेली हळद वहिनीनं आणि तिच्या बहिणीनं चमच्यानं खाऊन संपवली होती.

त्या दुपारी मोठीआई वाटी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. आत येईना. आईनं बरणी काढली, पण वाटी भरली नाही. चमचा मोठीआईपुढं धरला.

"आदी तुमी चाखा, अक्का."

मोठीआईनं इकडं तिकडं पाहिलं. मी अभ्यासाचं पुस्तक तोंडापुढं धरलं. तिनं चमचा तोंडात घातला आणि चाटूनपुसून बाहेर काढला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली, आणि वाटी पुढं केली. त्या आठवड्यात तीच वाटी घेऊन ती आणखी तीन वेळा आली. वहिनी एवढं खात नव्हती, हे मला वहिनीकडूनच कळलं.

पुढल्या हंगामात कंपनीचा साहेब फिरकला नाही. बोटभर काकडी गेली. अण्णांनी त्या रानात दुसरं काहीतरी नवीन लावलं. आम्हाला वाटलं, रेलीसही गेलं. पण वहिनीला दिवस राहिले आणि तिला दुसरं काही गोड लागेना. तेव्हा अण्णा मंचरच्या बाजारातून साधी खिरा काकडी पोत्यानं घेऊन आले. व्हिनेगरसाठी या वेळी त्यांनी घरून दुधाची किटली नेली होती.

आमच्या ओट्यावर दोन विळ्या मांडल्या. एकीवर आई, एकीवर मोठीआई. वहिनी भिंतीला टेकून, पाय पसरून, चिरलेल्यातलं उचलून खात होती.

"लई मोठं चिरताय, अक्का."

"मोठंच लागतं. दाताला कळायला नको का काय खातोय त्ये?"

"रेलीस बारीकच असतं. सायेबानं सांगितलं व्हतं."

"सायेबाला काय कळतंय? त्याच्या घरी काकडीला काय म्हणत्यात त्ये तरी त्याला ठावं हाय का?"

तेवढ्यात अण्णा गोठ्याकडून आले. ओट्यावरचा ढीग बघून थांबले. मशीनकडं एकदा बघितलं आणि तोंड उघडलं.

"न्हाई!" दोघी एकदम म्हणाल्या.

अण्णा गुपचूप खाली बसले आणि कांदे सोलायला लागले.